स्कॅनर कोणता, यापेक्षा तो फिरवला कसा

इम्प्लांटच्या, म्हणजे दाताच्या जागी हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाच्या, मापासाठी तोंडात मसाल्याचा ट्रे दाबून ठेवायची गरज आता बऱ्याच वेळा पडत नाही. पेनासारखा स्कॅनर फिरवला की काम होतं. पण हा स्कॅनर अख्खा जबडा एकदम पाहत नाही. तो छोटे छोटे तुकडे टिपतो आणि सॉफ्टवेअर त्यांतला सारखा भाग ओळखून ते जोडतं. प्रत्येक जोडात किंचित चूक राहते. एक-दोन इम्प्लांटना त्याने काही बिघडत नाही. एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना मात्र चुका साठत जातात आणि स्क्रीनवरचा जबडा खऱ्यापेक्षा जरा फाकतो किंवा आवळतो.

नागपूरच्या फुटाळा तलावावर मोबाइलने पॅनोरमा काढून पाहा. फ्रेममध्ये खांब, झाडं, माणसं आहेत तोवर जोड नीट बसतात. नुसतं पाणी आलं की फोन गोंधळतो. दात नसलेली ओली, गुळगुळीत हिरडी म्हणजे हेच पाणी.

त्यात खांबाचं काम करते स्कॅन बॉडी, म्हणजे इम्प्लांटवर स्क्रूने बसवलेली छोटी खुंटी. ती हातानेच, कंपनीने सांगितलं तेवढीच कसायची. खाली हिरडीचा कण अडकला तर ती वर राहते, आणि मग पुढचं स्कॅन कितीही सुबक दिसो, माप चुकलंच. शंका आली तर एक्स-रे काढावा.

खालच्या जबड्याचा नेहमीचा मार्ग असा: आधी दातांच्या माथ्यावरून एका दाढेपासून दुसऱ्या दाढेपर्यंत, मग जिभेच्या बाजूने परत, शेवटी गालाकडून. आधी टिपलेला थोडा भाग फ्रेममध्ये राहायलाच हवा. स्कॅनरचा माग सुटला तर उडी न मारता ओळखीच्या जागी मागे यायचं. लाळ पुसलेली, गाल-जीभ बाजूला धरलेली, खुर्चीचा दिवा बंद. दोन खुंट्यांमधलं अंतर मोठं असेल तर हिरडीवर कंपोझिटचे, म्हणजे दात भरायच्या मसाल्याचे, ठिपके देतात, म्हणजे सॉफ्टवेअरला धरायला काहीतरी मिळतं. त्याच जागेवर दहादा फिरवून 'पक्कं' करण्याची सवय मात्र वाईट. त्याने गोंगाटच, म्हणजे मापातला खडबडीतपणाच, वाढतो. आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांतून गाडीतून आणलेला स्कॅनर एसी खोलीत लगेच वापरू नये. आधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मग कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याचं माप बिनचूक जुळवून घ्यावं.

एवढी काटेकोरी कशासाठी? नैसर्गिक दात तंतूंच्या गादीवर असतो, दाबला तर थोडा हलतो. इम्प्लांट हाडाला घट्ट धरलेला. तो जुळवून घेत नाही. चार इम्प्लांटवरचा ब्रिज, म्हणजे एकत्र जोडलेल्या दातांची रांग, केसाच्या जाडीएवढा चुकला तरी एक स्क्रू कसताच दुसरं टोक उचलतं. जोर लावून बसवला तर पुढे स्क्रू सैल होतात, कधी मोडतात.

म्हणून पूर्ण जबड्याच्या कामात लॅबने स्कॅनवरून केलेली, सगळे इम्प्लांट जोडणारी प्लास्टरची पट्टी आधी तोंडात कसून पाहतात. प्लास्टर वाकत नाही. माप चुकलं असेल तर ते तिथेच तडकतं, आणि स्कॅन पुन्हा करावं लागतं.