स्टँडर्ड की सायंटिफिक? विंडोजच्या कॅल्क्युलेटरची दोन रूपे

विंडोज कळ आणि आर एकत्र दाबून, समोर आलेल्या चौकटीत सी-ए-एल-सी ही चार इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबले, की कॅल्क्युलेटर उघडतो. मात्र त्याची स्टँडर्ड आणि सायंटिफिक ही दोन रूपे एकच हिशेब दोन पद्धतींनी करतात, आणि साध्या बेरीज-गुणाकारातही त्यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

४० + ३ × २५ हे ओळीने टाइप करून पाहावे. स्टँडर्डमध्ये गुणाकाराची कळ दाबताक्षणी आधीची बेरीज पूर्ण होऊन ४३ दिसतात आणि शेवटी उत्तर १०७५ येते. सायंटिफिक मात्र शाळेत शिकलेला कंचेभागुबेवचा क्रम पाळतो, म्हणजे आधी ७५ काढून त्यात ४० मिळवतो आणि ११५ दाखवतो. स्टँडर्डचे हे वागणे म्हणजे बिघाड नव्हे. खिशातला साधा कॅल्क्युलेटर जसा प्रत्येक चिन्हासरशी आधीचा हिशेब मिटवतो, तीच रीत त्यात ठेवलेली आहे. मॅकवर कमांड आणि स्पेस दाबून स्पॉटलाइट या शोधचौकटीत हीच ओळ लिहिली, तर तिथेही ११५ च मिळतात.

मग कायमचा सायंटिफिकच का ठेवू नये? कारण टक्केवारी. स्टँडर्डमध्ये ४५० + १८ नंतर टक्क्याची कळ दाबली की १८ च्या जागी ८१ येतात आणि बरोबरचे चिन्ह दाबल्यावर ५३१ मिळतात. सायंटिफिकमध्ये ही कळच नाही, आणि कीबोर्डवरचे टक्क्याचे चिन्ह तिथे भागाकाराची बाकी काढते. शिवाय इतर खिडक्यांच्या वर छोटा होऊन राहण्याची सोय फक्त स्टँडर्डला आहे (ऑल्ट आणि वरचा बाण). समोरच्या कागदपत्रातले आकडे पाहत हिशेब करणाऱ्याला ही सोय फार मोलाची वाटते.

त्यामुळे रोजच्या कामासाठी माझी पसंती स्टँडर्डलाच आहे. कंस असलेले गणित आले, की ऑल्ट आणि २ दाबून सायंटिफिकमध्ये जावे आणि ऑल्ट आणि १ ने परतावे. एवढेही नको असेल, तर ४० टाइप करून कंट्रोल-पी दाबावे (समोरचा आकडा मेमरीत, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या साठवणीत, मिळवणारी कळ), ३ × २५ चे उत्तर काढून पुन्हा कंट्रोल-पी दाबावे. मेमरीतली बेरीज कंट्रोल-आर ने समोर येते, ती ११५ च असते.