फौजेत असताना गेलेल्या नातेवाइकाच्या नोंदी मागवणे

घरातला माणूस फौजेत असताना गेला, लढाईत असो की आजारपणात, तर तो कधी भरती झाला, कुठल्या पलटणीत होता, कुठे आणि कसा गेला, वारस म्हणून कुणाचं नाव लावलं होतं हे सगळं सैन्याच्या कागदांतून कळतं. जवानाचा मुख्य कागद म्हणजे शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीची सगळी नोंद, आणि तो दिल्लीत नाही तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अधिकाऱ्यांचे कागद मात्र दिल्लीच्या मुख्यालयात.

सगळ्यात आधी आर्मी नंबर शोधा. नुसत्या नावावर काही होत नाही, एका पलटणीत जाधव आणि सावंत किती असतील विचार करा. पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) नंबर सापडतो, नाहीतर पदक काढा आणि त्याची कड उजेडात तिरकी धरून बघा, बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं कोरलेलं असतं. पदक राख-चिंच लावून घासू नका हो, ती अक्षरं झिजली की घरातला शेवटचा पुरावा गेला. पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या घरी आलेली ब्राँझची गोल तबकडी असेल तर तिच्यावर फक्त नाव मिळेल, नंबर नाही.

नंबर मिळाला की मृत्यूचा दाखला आणि नात्याचे कागद जोडून रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करायचा, पत्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळतो. उत्तर नाही आलं तर आरटीआय, फी १० रुपये, मुदत ३० दिवस, पण हे केंद्राचं खातं आहे म्हणून कोर्ट फी स्टँप चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा. पेन्शन न बसलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे उगाच पुढे ढकलू नका.

महायुद्धांतल्या मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे त्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची यादी आहे, ऑनलाइन आणि फुकट. १९१५-१६ च्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या, शरण गेल्यावर कितीतरी जण कैदेत मेले. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचे नुसते आकडे, हे वाचून आजही पोटात तुटतं. कमिशनच्या नोंदीत मात्र शिपायाचं नाव असतं, बऱ्याचदा बापाचं नाव आणि गावही.

शोधताना जिल्हा तेव्हाचा टाका. तासगावचा माणूस सातारा जिल्ह्यात सापडेल, सावंतवाडीकडचा बऱ्याचदा रत्नागिरीत, माणगावचा कुलाब्यात (म्हणजे आजच्या रायगडात). आडनावाचं स्पेलिंग कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून आडनाव सोडून नुसत्या गावाच्या नावानेही एकदा शोधून बघा.