पार्श्वभूमी: नागपुरातली थंड घरं आणि ऑर्किडचा दुसरा बहर

नागपुरात फॅलेनॉप्सिस हे दुकानांत मिळणारं ऑर्किड जगवणारे आता कमी नाहीत, पण ते दुसऱ्यांदा फुलवणारे अजूनही थोडेच. गच्चीवर हिरवी नेट, एका बाजूला कूलर आणि उरलेल्या बाजूंना प्लास्टिकचे पडदे अशी थंड घरं हौशी मंडळींनी उभी केली ती उन्हाळ्याच्या धास्तीने. वाद मात्र हिवाळ्याचा आहे: दिवाळीनंतर पडदे पाडायचे की उघडे ठेवायचे?

या वादाची मुळं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात आहेत. उष्ण देशांतून आलेलं रोप म्हणजे त्याला उष्णता आणि वाफच हवी, असं धरून तिथल्या धनिकांनी ऑर्किड कोंदट, तापवलेल्या काचघरांत कोंडली. खासी टेकड्यांतली, अँडीजच्या उंच उतारांवरची रोपंही त्याच वाफेत गेली आणि हजारोंनी मेली. काही माळ्यांनी झडपा उघडल्या, हवा खेळवली, तेव्हा फरक दिसला. १८६०च्या दशकात थंड काचघराची पद्धत रुळली.

पुढचे दोन टप्पे प्रयोगशाळेतले. १९२२मध्ये अमेरिकेत साखर घातलेल्या आगार-जेलीवर, बुरशीच्या मदतीशिवाय, ऑर्किडचं बी रुजवण्यात आलं. १९६०मध्ये फ्रान्समध्ये सिंबिडियमच्या कोंबाच्या टोकापासून रोपं वाढवण्याची रीत मांडली गेली. त्यातून ऊतिसंवर्धित रोपांचा धंदा वाढला आणि ऑर्किड श्रीमंतांच्या काचघरातून भेटवस्तूंच्या दुकानात आलं. तैवानमधले बागायतदार फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा यावा म्हणून रोपं डोंगरावर गारव्याला नेत. आता ते काम वातानुकूलित हरितगृहात होतं. दुकानातून घेणाऱ्याला रोप फुललेलंच मिळतं, त्याआधीचे गारव्याचे आठवडे त्याने पाहिलेलेच नसतात. ऑर्किडला कायम ऊबच हवी, या गैरसमजाची सुरुवात इथे होते.

नागपूरच्या थंड घरात खरं काम करते ती कूलरची ताटी. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या ताटीतून येणारी हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. नवतपाही, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवसही, त्यात निघतो. जुलैत बाहेर ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर तोच कूलर दोन-तीन अंशांपलीकडे काही करू शकत नाही, वर कुंडीत ओल साचून मुळं कुजतात. मृगाचा पाऊस बसला की पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. पण उन्हाळ्यातल्या या गारव्याने पानं वाढतात, फूल येत नाही. फॅलेनॉप्सिसचा दांडा निघायला काही आठवडे दिवसाचं तापमानही साधारण २५-२६ अंशांच्या आत राहावं लागतं आणि नागपुरात त्याच्या जवळ जाणारा गारवा फुकट मिळतो तो हिवाळ्यातच. (आपल्याकडच्या जंगलातल्या रास्ना या ऑर्किडला यातलं काही लागत नाही. ती उन्हाळ्यात फुलते. तिला झाडावरच राहू द्यावं.)

पडदे पाडणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. डिसेंबर २०१८मध्ये शहराचा पारा साडेतीन अंशांपर्यंत घसरला होता, आणि इतक्या गारठ्यात फॅलेनॉप्सिसच्या पानांवर पाणचट, खोलगट डाग पडतात. पण त्या भीतीने नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच घर बंद केलं, की दुपारचं ऊन आत कोंडतं, प्लास्टिकखाली पारा ३० अंशांच्या वर जातो आणि दांड्याची वेळ निघून जाते. रोप हिरवंगार दिसतं, म्हणून चूक लक्षातही येत नाही. नोव्हेंबरभर पडदे उघडे ठेवावेत, रोपं उत्तरेच्या सावलीत न्यावीत, आणि रात्रीचा पारा १४-१५च्या खाली जायला लागला की रात्रीपुरता पडदा पाडून सकाळी वर करावा. त्यानंतर वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या बगलेत पाहावं: गोल, चकचकीत टोक निघालं तर ते मूळ, चपटं आणि किंचित खाचेचं निघालं तर तो दांडा.

गुंता वाढतो तो त्याच घरात डेंड्रोबियम नोबिले हे दुसरं ऑर्किड असेल तेव्हा. त्याला १०-१२ अंशांच्या रात्री आणि कोरडी विश्रांती लागते. पानं पिवळी पडून गळायला लागली की घरचे घाबरून पाणी आणि खत घालतात, आणि मग कळ्यांच्या जागी पेरांवर पिल्लं, म्हणजे छोटी नवी रोपं, फुटतात. खत तर पावसाळा सरताच थांबायला हवं. डिसेंबर-जानेवारीत काड्या सुरकुतणार नाहीत इतकंच पाणी द्यावं आणि पेरांवर कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत नेहमीचं पाणी सुरू करू नये.

एका पडद्याने दोघांचं भागत नाही. म्हणून काही जणांनी घर मधोमध विभागलं आहे: कूलरच्या बाजूला, जिथे थंडीतही वारा शिरतो, तिथे नोबिले, आणि आतल्या अर्ध्यात, दुहेरी प्लास्टिकमागे, फॅलेनॉप्सिस. ज्यांच्याकडे जागा नाही ते नोबिलेच्या कुंड्या नोव्हेंबरातच उघड्या गच्चीच्या कठड्याला टांगतात आणि होळीच्या सुमारास परत नेटखाली आणतात.