पिसं टोचणं (घरच्या कोंबड्यांमधलं)

परसात नाहीतर गच्चीवर पाळलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, एखादीला दाण्याजवळ फिरकू देत नाहीत, याला सगळे सरसकट "टोचणं" म्हणतात. पण यात दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की उपाय हमखास चुकतो.

पहिली म्हणजे मानाची भांडणं. आधी कोण खाणार, दांडीवर वर कोण बसणार याचा क्रम कळपात ठरलेला असतो, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या शेल्डरुप-एबे यांनी तो पहिल्यांदा नीट मांडला. यात चोच डोक्यावर, तुऱ्यावर बसते, मार खाणारी ओरडून पळते अन् विषय संपतो. मंगळवारी बाजारातून एक नवी कोंबडी आणून सोडली की क्रम पुन्हा पहिल्यापासून लागतो, आठवडाभर गोंधळ चालतो. रक्त निघत नसेल तर मध्ये पडू नये.

दुसरी भानगड खरी डोकेदुखीची. नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंकडे बघितलं, एक तांबडी कोंबडी शांतपणे दुसरीच्या मागे उभी राहायची, शेपटीच्या बुडाचं एक पीस ओढायची आणि चक्क गिळून टाकायची, आणि ती दुसरी हलतही नव्हती. राग वगैरे काही नाही. जमीन उकरून किडे-दाणे शोधायची जी उपजत सवय असते तिला जागा मिळाली नाही की ती पिसांकडे वळते, असं मानतात. त्यात दाटी, भगभगीत बल्ब आणि प्रोटीनची कमी. नुसत्या तांदळाच्या कणीवर ठेवलेल्या कोंबड्यांमध्ये हे व्हायची शक्यता जास्त, कारण अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात साधारण 16 ते 18 टक्के प्रोटीन लागतं, कणीत त्याच्या जेमतेम निम्मं असतं, आणि पीस तर जवळपास सगळं प्रोटीनचंच बनलेलं.

नागपूरचा मे महिना वेगळाच. पारा 45 च्या वर गेला की कोंबड्या खातात कमी, धापा टाकतात आणि सगळ्या एकाच सावलीत, एकाच पाण्याच्या भांड्याजवळ गर्दी करतात, मग दबकी असते ती उन्हात तहानलेली उभी. दोन-तीन भांडी लांब लांब ठेवली, ग्रीन नेट लावली, ओलं पोतं टांगलं की निम्मं भांडण तिथंच मिटतं.

उपायाआधी टक्कल कुठं पडलंय ते बघायचं. फक्त पाठीवर असेल आणि कोंबडा ठेवला असेल तर बहुतेक कोंबड्याच्या चढण्यानं पिसं घासून गेलेली असतात, बाकीच्या बिचाऱ्या निर्दोष. शेपटीच्या बुडाशी असेल तर टोचणं. गुदद्वाराभोवती असेल तर आधी उवा बघायच्या, आणि खुराड्याच्या फटींत लाल गोचीड दिवसा लपलेले असतात म्हणून ते रात्री टॉर्च घेऊन. सगळ्याच अंगावरची पिसं हळूहळू जात असतील तर ती वर्षाची पीसगळ, त्यात घाबरायचं काही नाही.

रक्त दिसलं की मात्र थांबायचं नाही, लाल रंगावर बाकीच्या तुटून पडतात आणि जिवंतपणीच खातात. जखमी कोंबडी लगेच वेगळी करायची, पण जाळीतून बाकीच्यांना दिसेल अशी, नाहीतर परत सोडताना ती नवखीच ठरते. जखम धुऊन हळद किंवा जांभळं औषध (जेन्शियन व्हायोलेट) लावायचं, खोल असेल तर सरळ जनावरांच्या डॉक्टरला दाखवायचं. दादागिरी करणारी एकच असेल तर तिलाच तीन-चार दिवस पिंजऱ्यात टाकायचं, परत येते तेव्हा तिचा मान खाली घसरलेला असतो. हा उपाय लोकांना उलटा वाटतो, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच.

बाकी मग पालकाची जुडी उंचावर टांगायची, जमिनीवर तणस पसरून त्यात दाणे टाकायचे, राखेत लोळायला एक घमेलं, कणीसोबत लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) नाहीतर थोडी सुकट. चोच कापायच्या भानगडीत घरी पडू नये.

मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत परत येतं, पण अर्ध्यात तुटून बुंधा आत राहिला तर पुढच्या पीसगळीपर्यंत ती जागा उघडीच राहते.