वरची छाती भरत नाही? आधी बाकाचा कोन बघा

"इतके महिने सपाट बाकावर बेंच प्रेस मारतोय, खालची छाती भरली, पण गळ्याखाली अजून खळगाच दिसतो." ही तक्रार आमच्या जिममध्ये इतक्यांदा येते की शेवटी पत्रकच छापलं.

आधी एक करून बघा. डाव्या हाताची बोटं उजव्या कॉलर बोनच्या (गळ्याखालून खांद्याकडे जाणारं आडवं हाड) जरा खाली टेकवा. आता उजवा हात मांडीपासून समोरून डाव्या खांद्याकडे जोर लावून वर आणा. बोटांखाली जे टणक होतं, ती वरची छाती. हा वेगळा स्नायू नव्हे. पेक्टोरालिस मेजर या छातीच्या मोठ्या स्नायूचा, कॉलर बोनपासून निघून दंडाच्या हाडाला जोडला जाणारा भाग आहे. हात पुढे, वर आणि आत आणणं हे त्याचं काम. म्हणून व्यायामही त्याच दिशेचा हवा.

इन्क्लाइन प्रेस

म्हणजे तिरक्या बाकावर पाठ टेकून वजन वर ढकलणं. बाक 30 अंशांच्या आसपास ठेवा. 45 च्या वर गेलात की बराचसा भार खांद्याचा पुढचा स्नायू उचलतो, आणि आपण समजतो छाती मारली! अंदाज येत नसेल तर मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप उघडून फोन पाठीच्या गादीवर ठेवा.

खांद्याची पाती मागे ओढून गादीत रोवा. बार कॉलर बोनच्या थोडा खाली, छातीच्या वरच्या भागावर उतरवा. कोपरं खांद्याच्या रेषेत फाकवू नका, थोडी अंगाकडे घ्या. आणि बूड उचलू नका. पाठीची मोठी कमान केली की धड आडवं होतं, मग बाक तिरका ठेवून उपयोग काय?

सपाट बाकावरचं वजन इथे झेपणार नाही, त्यात कमीपणा नाही. नवख्यांनी डंबेलपासून सुरुवात केलेली आम्हाला आवडते. दोन्ही हातांना आपापलं काम करावं लागतं.

जोडीला खालच्या पुलीवरून वर ओढायचा केबल फ्लाय (केबलचं हँडल धरून हात समोर वर आणणं) घ्या. घरी असाल तर पाय खुर्चीवर ठेवून जोर मारा.

किती?

आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान दोन दिवस सोडून. 8 ते 12 रेपचे (रेप म्हणजे वजन एकदा खाली-वर करणं) 3 सेट, प्रत्येक सेटनंतर दोनेक मिनिटं दम. सेट संपेल तेव्हा अंगात एखाद-दोन रेप शिल्लक असावेत. तिन्ही सेटमध्ये 12 नीट निघाले की वजन थोडं वाढवा. वरची छाती हीच अडचण असेल तर हा व्यायाम सगळ्यात आधी करा, थकल्यावर नाही.

खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर तिथेच थांबा आणि आम्हाला सांगा. जड बार एकट्याने उचलू नका. हाक मारा, कोणीतरी मागे उभं राहील.

आमच्या बाकांवर 30 अंशांच्या खाचेला पिवळी पट्टी लावली आहे. झालं की बाक पुन्हा सपाट करून ठेवा.