पारंपरिक व पर्यायी उपचार : लोकांचा कल आणि वापर

आधुनिक वैद्यकाच्या चौकटीबाहेरच्या उपचारांकडे लोक कसे पाहतात आणि ते केव्हा, कशासाठी घेतात, हा या नोंदीचा विषय आहे. समाजात पिढ्यानपिढ्या चालत आलेले उपचार ते पारंपरिक. ‘पर्यायी’ आणि ‘पूरक’ हा भेद मात्र घेणाऱ्याच्या वागण्यावर ठरतो : डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून घेतलेला काढा पर्यायी, गोळ्यांबरोबर घेतलेला तोच काढा पूरक.

प्रत्यक्षात दोन्ही एकदम चालू ठेवणारेच फार. अमेरिकेत डेव्हिड आयझेनबर्ग व सहकाऱ्यांच्या पाहणीत १९९० साली सुमारे ३४ टक्के प्रौढांनी वर्षभरात आधुनिक वैद्यकाबाहेरचा किमान एक उपचार घेतला होता. १९९७ साली हे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. डॉक्टरांवरचा विश्वास उडाला की माणसे तिकडे वळतात, असा समज आहे. जॉन ॲस्टिन यांच्या १९९८ च्या अभ्यासात तसे आढळले नाही. हे उपचार आपल्या जीवनदृष्टीशी जुळतात, असे घेणाऱ्यांना वाटत होते आणि केवळ त्यांवर विसंबणारे ५ टक्क्यांहूनही कमी होते. पाठदुखी, चिंता, निद्रानाश अशा रेंगाळणाऱ्या दुखण्यांत हा ओढा अधिक दिसतो. तिथे पूर्ण बरे करणारे औषध बहुधा नसते आणि निवांत ऐकून घेणारा माणूस रोग्याला हवा असतो.

खरी काळजी श्रद्धेची नसून अबोल्याची आहे. १९९० च्याच पाहणीत गंभीर दुखण्यासाठी असे उपचार घेणारे बहुतेक जण डॉक्टरांकडेही जात होते, पण त्यांतल्या ७२ टक्क्यांनी डॉक्टरांना ते कळू दिले नव्हते. डॉक्टर विचारत नाहीत, रोगी रागावून घेण्याच्या भीतीने बोलत नाही. शिवाय झाडपाल्याने अपाय कसला होणार, ही समजूत असतेच. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवर घेतली जाणारी वनस्पती सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे शरीराने बसवलेला अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाचे, रक्तातील प्रमाण घटवते. अवयव प्रत्यारोपण झालेल्याच्या जिवावर ते बेतू शकते. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या वनौषधींत ॲरिस्टोलोकिया ही मूत्रपिंडांना घातक वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली.

सरसकट नाकारणेही तितकेच चुकीचे. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध चिनी संशोधक तू यूयू यांना जुन्या चिनी ग्रंथातील नोंदीच्या मागाने सापडले; त्यासाठी २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो माग प्रयोगशाळेत कसाला लावला, म्हणून औषध हाती आले.

जनमत आणि पुरावा एकाच दिशेने जातात असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००९ च्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी पूरक वैद्यकाला राज्यघटनेत स्थान दिले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने मात्र २०१५ साली, होमिओपॅथी कोणत्याही आजारावर गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. अमेरिकेतील सरकारी संशोधन केंद्राचे नाव आधी ‘पर्यायी’, १९९८ पासून ‘पूरक व पर्यायी’ असे होते; २०१४ साली ते ‘पूरक व एकात्मिक’ झाले आणि ‘पर्यायी’ हा शब्द गळाला.