बोंडूच्या रसावर स्कूटर चालते का?

काजूचा हंगाम आला की एक मेसेज फिरू लागतो: ‘बोंडू (काजूबीला लागून असणारं रसाळ फळ) फुकट कुजवू नका, रस आंबवा, घरीच इथेनॉल करा आणि गाडीत घाला.’

बागेत बोंडूंचा खच पाहिला की हे पटतंच. आणि त्यात अर्धं खरंही आहे: रसातल्या साखरेपासून इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, होतं. पण हिशोब करू.

रसात साखर साधारण 10 टक्के. साखर मोजणारा ब्रिक्स मीटर असेल तर एका थेंबात कळतं. म्हणजे 100 किलो रसात 10 किलो साखर. तिचं अल्कोहोल होताना जवळपास अर्धं वजन कर्बवायू होऊन उडतं. उरतं फार तर 5 किलो, म्हणजे साडेसहा लिटरच्या आत. बाकी सगळं पाणी. आंबलेला रस चमच्यात घेऊन काडी लावून बघा, पेटत नाही.

‘मग भट्टी लावू, उकळून अल्कोहोल वेगळं काढू.’ शेजारच्या गोव्यातली बोंडूची दारू, फेणी, घ्या: अल्कोहोल साधारण 42 टक्के, निम्म्याहून जास्त पाणीच. ती पेट्रोलमध्ये ओतली तर पाणीदार थर टाकीच्या तळाशी बसतो आणि इंजिन बंद पडतं. कितीही वेळा ऊर्ध्वपातन करा, म्हणजे उकळून वाफ पुन्हा थंड करा, 95-96 टक्क्यांपुढे साध्या भट्टीत जाता येत नाही. तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. उरलेलं पाणी काढायला कारखान्यात खास चाळणीसारखे पदार्थ वापरतात. शिवाय भट्टीला जाळायची लाकडं कुणी मोजतच नाही!

विनापरवाना भट्टी महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, गाडीसाठी म्हटलं तरी. बोंडूंचं सरबत मात्र बिनधास्त करा.